वाचनालयातले जुने फोन आणि मुक्त स्रोत प्रणाली: कशावर टाकावी, कशावर नाही

प्रश्न असा आहे: गोव्यात साखळी गावाच्या बाजूला एक छोटं वाचनालय चालवणाऱ्या ताईंकडे सभासदांनी जुने फोन आणून दिलेत. एक रेडमी नोट ४, एक विवो, एक सॅमसंगचा टॅब आणि एक जिओफोन. चारांनाही कंपनीचे अपडेट येणं कधीच थांबलंय. त्यांच्यावर लिनक्स किंवा तशी एखादी मुक्त स्रोत प्रणाली (जिचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशी) टाकून मुलांना वाचायला देता येतील का, गूगलपासून सुटका होईल का, आणि जमत असेल तर स्वतःच्या रोजच्या फोनवरही तेच करावं का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी निकाल सांगतो. रेडमीवर बेलाशक टाका. टॅबचा मॉडेल नंबर बघून ठरवू. विवो आणि जिओफोन यांच्यात वेळ घालवू नका. आणि ज्या फोनवर तुमच्या बँकेचं ॲप आहे त्याला सध्या हात लावू नका. आता कारणं सांगतो, कारण ती कळली की पुढचा फोन विकत घेतानाही उपयोगी पडतील.

म्हापशात मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात मी बरीच वर्षं आहे. कंपनीनं सोडून दिलेल्या फोनवर दुसरी प्रणाली टाकून तो परत कामाला लावणं हे माझ्या सगळ्यात आवडीचं काम. लोक बहुतेक वेळा विचारतात, "कुठली रॉम (म्हणजे फोनवर टाकायची तयार प्रणाली) चांगली?" त्याच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा: हा फोन दुसरी प्रणाली आत घेतो तरी का?

फोनचं बटण दाबलं की सर्वात आधी चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रामची, म्हणजे बूटलोडरची, डिजिटल सही तपासतो. बूटलोडर कर्नेलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, सही तपासतो आणि मग वरचं अँड्रॉइड चालू होतं. सही कंपनीची नसेल तर काम तिथेच थांबतं. ही तपासणी सैल करण्याची मुभा कंपनीनं ग्राहकाला दिली असेल तर तिला बूटलोडर अनलॉक करणं म्हणतात. मुभा नसेल तर उत्तमातली उत्तम प्रणाली डाउनलोड करून ठेवली तरी ती लॅपटॉपवरच पडून राहणार.

विवो ही मुभा देत नाही. म्हणून तुमचा विवो बाद. त्याच्यावर जे आहे तेच ठेवा, इंटरनेट बंद करून गाणी-भजनं ऐकायला वापरा. गूगलचा पिक्सेल आणि वनप्लस यांचा बूटलोडर सहसा सरळ उघडतो, मोटोरोला बऱ्याच मॉडेलना आपल्या वेबसाइटवरून कोड देते. शाओमी म्हणजे रेडमीवाले देतात, पण अर्ज केल्यावर बऱ्याच मॉडेलवर आठवडाभर थांबवून ठेवतात, आणि नव्या फोनसाठी त्यांचे नियम आणखी कडक होत चाललेत. सॅमसंगचं मॉडेलवर आणि ते कुठल्या देशात विकलं त्यावर ठरतं. शिवाय तिथे एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो: परकी प्रणाली टाकली की तो जळतो आणि परत जुळत नाही. नंतर मूळ सॉफ्टवेअर मारलं, म्हणजे परत टाकलं, तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी गेल्या त्या गेल्याच. वाचनालयाच्या टॅबला त्यानं काही बिघडत नाही. रोजच्या फोनला बिघडू शकतं.

जिओफोनचं उदाहरण मला मुद्दाम सांगायचंय. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं फायरफॉक्स ओएस नावाची पूर्ण मुक्त मोबाईल प्रणाली केली होती. २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स हा त्यावर चालणारा फोन आपल्याकडे १,९९९ रुपयांना मिळायचा. तो धंदा चालला नाही आणि मोझिलानं फोनमधून अंग काढून घेतलं. पण तो कोड खुला होता, त्यामुळे त्यावरून पुढे कायओएस तयार झाली आणि २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमधून ती लाखो घरांत पोचली. म्हणजे मुळात मुक्त असलेल्या कोडचा वारस आज तुमच्या टेबलावर आहे, पण त्यात स्वतःची प्रणाली घालायची सोय मालकाला दिलेली नाही. कोड खुला आणि फोन बंद, असं होऊ शकतं. प्रणाली मुक्त आहे की नाही एवढंच विचारलं तर अर्धंच उत्तर मिळतं.

अँड्रॉइडचंही थोडंफार तसंच आहे. त्याचा गाभा लिनक्स कर्नेल, त्याला जीपीएल आवृत्ती २ हा परवाना. फोन विकणाऱ्या कंपनीला आपण बदललेला कर्नेल कोड मागेल त्याला द्यावाच लागतो. वरचा बराचसा भाग अपाचे परवान्याखाली, तो उघडा ठेवण्याची सक्ती कंपनीवर नाही. म्हणून शाओमी असो की सॅमसंग, त्यांच्या वरच्या रंगरंगोटीचा कोड मिळत नाही, कर्नेलचा मिळतो. समुदायानं केलेल्या रॉम या कर्नेल कोडच्याच जीवावर उभ्या आहेत. ज्या कंपन्या तो उशिरा किंवा अर्धवट देतात त्यांच्या फोनवर कामही अर्धवटच राहतं.

खुल्या परवान्यानं काय वाचतं ते भारतानं जवळून पाहिलंय. सायनोजेनमॉड ही हौशी लोकांनी उभी केलेली रॉम. तिच्याभोवती सायनोजेन नावाची कंपनी निघाली आणि २०१४ मध्ये वनप्लस वन हा फोन तिची प्रणाली घेऊनच आला. मग त्या कंपनीनं भारतापुरते हक्क मायक्रोमॅक्सला दिले, भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि वनप्लसच्या विक्रीवर काही काळ बंदीही आली. २०१६ च्या अखेरीला सायनोजेननं आपल्या सेवा बंद केल्या. एरवी गोष्ट इथे संपली असती. पण कोड सगळ्यांचा होता, त्यामुळे त्याच डिसेंबरात समुदायानं तो उचलून लिनेजओएस या नावानं पुढे चालू ठेवला. आज जुन्या फोनसाठी मी सगळ्यात आधी तीच बघतो.

तुमचा रेडमी नोट ४ जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला. येताना अँड्रॉइड ६ होतं, कंपनीनं ७ पर्यंत नेलं आणि सोडलं. याच फोनवर समुदायानं त्यापुढच्या कितीतरी आवृत्त्या चालवून दाखवल्या. ४१०० एमएएचची बॅटरी, स्नॅपड्रॅगन ६२५ ही थंड डोक्याची चिप, आणि आपल्याकडे अमाप खप. खप जास्त म्हणजे त्यावर काम करणारे हातही जास्त. आता एक बारकावा. याच नावाचा मीडियाटेक चिपचा फोनही चीनमध्ये विकला गेला. स्नॅपड्रॅगनवाल्याचं सांकेतिक नाव 'मिडो', मीडियाटेकवाल्याचं 'निकेल'. पेटीवर नाव एकच, आतला बोर्ड वेगळा. निकेलची फाइल मिडोवर गेली तर फोन डेड. तुमचा भारतात घेतलेला असेल तर मिडोच असणार, तरी फास्टबूटमध्ये (लॅपटॉपवरून प्रणाली टाकायच्या अवस्थेत) जोडल्यावर फोनलाच नाव विचारून खात्री करा. कुठल्याही फोनचं असं सांकेतिक नाव शोधायचं आणि त्याच नावाची फाइल घ्यायची. दुकानात सॉफ्टवेअर मारताना बिघडून आलेल्या फोनांत नावाचा घोळ वारंवार निघतो.

लिनेजओएस टाकली म्हणजे फोन आतून-बाहेरून नवा झाला असं मात्र समजू नका. वरचं अँड्रॉइड नवं येतं, पण मोडेम, कॅमेरा, ग्राफिक्स यांना चालवणारे बंद प्रोग्राम चिप कंपनीनं आणि फोन कंपनीनं शेवटचे दिले तेच राहतात. कर्नेलही बऱ्याचदा जुन्याच शाखेवरचा. मिडो मूळ लिनक्स ३.१८ वर आला, आणि ती शाखा २०१४ च्या अखेरीची आहे. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन अँड्रॉइड आवृत्तीवर टिचकी मारा. तिथे सुरक्षेच्या दोन तारखा दिसतील. एक अँड्रॉइडची, ती ताजी असेल. दुसरी व्हेंडरची, म्हणजे त्या बंद प्रोग्रामांची, ती बऱ्याच वर्षांपूर्वीची असेल. ही दुसरी तारीख मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो. पुस्तकं वाचायच्या फोनला तेवढं चालतं, पैशांच्या फोनला चालू नये.

या जुन्या कर्नेलवर खरा उपाय पोस्टमार्केटओएसवाले करताहेत. २०१७ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अल्पाइन लिनक्स या हलक्या प्रणालीवर बसवलेला आहे, आणि फोन दहा वर्षं वापरता यावा हा त्यांचा हेतू. ते फोन कंपनीचा जुना कर्नेल बाजूला ठेवून, जगभर रोज सुधारला जाणारा मुख्य लिनक्स कर्नेल फोनवर चालवायचा प्रयत्न करतात. तुम्ही 'लिनक्स फोन' ऐकलाय तो हाच. मिडोचं नाव त्यांच्याही यादीत आहे. पण प्रत्येक फोनपुढे टच, वायफाय, कॉल, कॅमेरा यांतलं काय चालतं त्याचा तक्ता दिलेला असतो, तो नीट वाचा. कॅमेरा बऱ्याच फोनवर रुसलेला असतो, कॉलचंही तेच. देवनागरी फाँट वेगळा टाकावा लागतो. मला हा प्रकल्प मनापासून आवडतो आणि माझ्याकडचा एक जुना फोन त्यावर छोटा सर्व्हर म्हणून चालतो. मुलांच्या हातात द्यायला मात्र मी लिनेजओएसच देईन.

बाकीची नावं तुमच्या कानावर येतील म्हणून उरकतो. उबुंटू टच: उबुंटू लिनक्सवाल्या कॅनॉनिकल कंपनीनं २०१३ मध्ये जाहीर केली, २०१७ मध्ये सोडली, आता यूबीपोर्ट्स ही संस्था सांभाळते. सेलफिश: फिनलंडची, वापरायला गोड, पण तिचा वरचा भाग खुला नाही. पाइनफोन आणि लिब्रेम ५ हे लिनक्ससाठीच बनवलेले फोन, त्यांत मायक्रोफोन-कॅमेरा तोडायची खरीखुरी बटणं असतात. ते आपल्याकडे दुकानात मिळत नाहीत.

एक आठवण इथे द्यावीशी वाटते. हातात मावणाऱ्या यंत्रावर लिनक्स ही कल्पना आपल्याच देशात फार लवकर आली होती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि बेंगळुरूच्याच एन्कोर या सॉफ्टवेअर कंपनीतले अभियंते यांनी या शतकाच्या सुरुवातीला सिम्प्युटर केला. गावात एकच यंत्र असावं, प्रत्येकानं आपलं स्मार्टकार्ड घालावं आणि आपापलं काम करून पुढच्याच्या हातात द्यावं, असा त्यामागचा विचार. बाजारात तो टिकला नाही, पण वाचनालयाला हाच विचार लागतो. लिनेजओएसमध्ये एका फोनवर वेगवेगळे वापरकर्ते करता येतात. एकीचं पुस्तक कुठपर्यंत वाचून झालं ते दुसऱ्याच्या वाचनात मिसळत नाही. एका फोनवर चारपाच मुलं सहज.

आता गूगल. लिनेजओएस टाकली की फोनमध्ये गूगलची ॲप नसतात, खातं मागितलं जात नाही. ॲप एफ-ड्रॉइडवरून घ्यायची, तिथे सगळी मुक्त स्रोतच असतात. वाचनालयाला तेवढं पुरतं. पण अँड्रॉइडचा कोड लिहिणारी मुख्य कंपनी गूगलच आहे हे विसरून चालत नाही. २०२५ मध्ये तिनं अँड्रॉइडचं रोजचं काम उघड्यावर करणं बंद केलं. आता काम आत होतं आणि तयार कोड नंतर बाहेर येतो. त्याच वर्षी अँड्रॉइड १६ बरोबर पिक्सेल फोनसाठी लागणारी उपकरण-फाइलींची जुळणी, जिच्यावरून रॉम करणारे पिक्सेलसाठी प्रणाली बांधत, तीही देणं थांबवलं. शिवाय २०२६ पासून टप्प्याटप्प्यानं, गूगलकडे ओळख नोंदवलेल्या विकसकांचीच ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर सरळ बसतील असं जाहीर केलं. विरोध झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं म्हटलंय. लिनेजओएस टाकलेला फोन प्रमाणित गणला जात नाही, त्यामुळे हा नियम त्याला लागू नाही. पण एफ-ड्रॉइडवर लिहिणाऱ्या हौशी माणसांना याचा फटका बसेल आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते. आपण ज्याला मुक्त म्हणतो त्याच्या नळाची चावी एका कंपनीच्या हातात असणं बरं नाही. पोस्टमार्केटओएससारख्या अर्ध्यामुर्ध्या चालणाऱ्या गोष्टींना म्हणूनच जपायला हवं.

तुमच्या रोजच्या फोनकडे येतो. बूटलोडर उघडा असेल तर बँकांची आणि यूपीआयची बरीच ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीतून फोन उघडा आहे का ते पाहतात आणि चालायला नकार देतात. काही चालतात, काही आज चालतात आणि अपडेटनंतर चालत नाहीत. ही तपासणी फसवणारे जुगाड आहेत आणि पोरं ते माझ्याकडे मागायला येतात. मी करून देत नाही. पैसे अडकवून ठेवायची जागा ती नव्हे. बाजारात मासळीवाली समोर उभी आणि ॲप म्हणतंय 'हे उपकरण सुरक्षित नाही', ही वेळ कोणावर येऊ नये. *९९# नं साध्या फोनवरूनही यूपीआय होतं हे खरं, पण रोजच्या व्यवहाराला ते वेळखाऊ आहे.

याला एक बऱ्यापैकी अपवाद ग्राफीनओएसचा. ती फक्त पिक्सेलवर चालते, कारण पिक्सेलवर दुसरी प्रणाली टाकल्यावर बूटलोडर तिच्या सहीनं परत बंद करता येतो. सुरक्षेच्या बाबतीत ती मूळ अँड्रॉइडपेक्षाही कडक आहे. तरी बँकेच्या ॲपची खात्री नसतेच. एखादी बँक फक्त गूगलनं प्रमाणित केलेली प्रणालीच मान्य करते, आणि मग ग्राफीनओएस कितीही भक्कम असली तरी उपयोग नाही.

कॉलचा मुद्दा कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. जिओकडे २जी-३जी नाहीच. तिथला कॉल व्होएलटीईवरूनच, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच जातो. व्होएलटीईचा भाग फोन कंपनीच्या बंद प्रोग्राममध्ये असतो, आणि रॉम बदलताना तो जुळला नाही तर इंटरनेट झकास चालतं पण कॉल लागत नाही. लिनेजओएसच्या अधिकृत यादीतल्या फोनवर हे सहसा जुळलेलं असतं, पोस्टमार्केटओएससारख्या खऱ्या लिनक्सवर फार थोड्या फोनवर. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल तर कॉलपुरतं २जीवर उतरून काम भागतं. वाळपईच्या पुढे चोर्ल्याच्या बाजूला जिथे कुठल्याच कंपनीची धड रेंज नसते तिथे हा वादच उरत नाही. वाचनालयातल्या रेडमीला सिम नको, वायफाय पुरे.

आता प्रत्यक्ष काम. सॉफ्टवेअरच्या आधी फोन उलटा करून बघा. मागची बाजू जराही फुगलेली असेल, स्क्रीन कडेनं वर आली असेल, तर बॅटरी फुगलीय. आधी ती बदला, बाकी सगळं नंतर. मग चार्जिंगचं भोक टॉर्चच्या उजेडात पाहा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, किनाऱ्याजवळ खारी. कपाटात पडून राहिलेल्या फोनच्या जॅकमधल्या पिनांवर हिरवट थर धरतो. चार्जिंग कसंबसं होतं, त्यामुळे माणसाला वाटतं जॅक ठीक आहे. पण डेटाच्या पिना वेगळ्या, आणि फाइल चढत असताना त्यांचा संपर्क तुटला की अर्धीच प्रणाली लिहिली जाते. फोन बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशनं पिना पुसा, पूर्ण वाळू द्या. केबल डेटा नेणारीच घ्या, फक्त चार्जिंगच्या स्वस्त केबली असतात त्यांतली नको. लॅपटॉपला सरळ लावा, मध्ये हब नको. आणि पावसात वीज जाते, म्हणून लॅपटॉप चार्ज असलेला असावा.

ज्यांनी फोन दिले त्यांना आधी फोन करा. फोनवर त्यांचं गूगल खातं किंवा शाओमीचं 'मी' (Mi) खातं राहिलेलं असेल तर त्यांनीच ते काढून द्यायला हवं. नाहीतर फोन पुसल्यावर तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो, आणि मालक तोपर्यंत पासवर्ड विसरलेला असतो. त्यांचे फोटो हवे असतील तर तेही आधीच काढून घेऊ द्या, कारण बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो.

रेडमीवर फोनच्या माहितीत मीयूआय (शाओमीची स्वतःची प्रणाली) आवृत्तीच्या ओळीवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ओईएम अनलॉकिंग चालू करा, 'मी अनलॉक स्टेटस'मध्ये स्वतःचं 'मी' खातं जोडा. यापुरतं सिम आणि मोबाईल डेटा लागतो. मग फोन बंद करून आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबा. टोपी घातलेला ससा अँड्रॉइडची दुरुस्ती करताना दिसला की तुम्ही फास्टबूटमध्ये आहात. शाओमीचं अनलॉक सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, ते थांबायला सांगेल तेवढं थांबायचं. उघडल्यावर रिकव्हरी (प्रणाली टाकायला आणि प्रत काढायला लागणारा छोटा प्रोग्राम) चढवा आणि इतर काहीही करण्याआधी तिच्यातून ईएफएस व पर्सिस्ट या विभागांची प्रत काढून लॅपटॉपवर ठेवा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्कची जुळणी तिथे असते. ती पुसली गेली तर फोनला सिम दिसत नाही, आणि मग कोणीतरी भलताच आयएमईआय घालून द्यायला तयार होतो. ते करू नका, आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे.

त्यानंतर डेटा फॉरमॅट करून एडीबी साइडलोडनं, म्हणजे लॅपटॉपवरून केबलनं, प्रणाली पाठवायची. इथे घाबरवणारी एक गोष्ट होते: लॅपटॉपवरचा आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबतो. बऱ्याच फोनवर काम पुरं झालं तरी आकडा तिथेच राहतो. केबल उपटू नका, फोनच्या पडद्यावर काय लिहून येतंय ते वाचा. पहिल्यांदा चालू व्हायलाही वेळ लागतो, लोगो फिरत राहिला तर पाव तास तरी धीर धरा. २०१८ नंतरचा एखादा रेडमी पुढे हाती आला तर आणखी एक काळजी: त्यांतल्या बऱ्याच फोनमध्ये जुन्या आवृत्तीवर परत जायला अडवणारी अँटी-रोलबॅक यंत्रणा आहे. जुनं सॉफ्टवेअर मारलं की फोन कायमचा बसतो. नोट ४ ला ती भीती नाही.

वाचनासाठी कोरीडर टाका. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) आणि पीडीएफ दोन्ही उघडतं, अक्षर मोठं होतं, आजोबांनाही चालतं. मराठी विकिस्रोतावरून स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं ईपबमध्ये उतरवता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, तेवढं पाहून घ्या. दुसरं ॲप किविक्स. त्यात मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये फोनवर उतरवून ठेवता येतो आणि इंटरनेटशिवाय वाचता येतो. त्याच ॲपमध्ये हॉटस्पॉटची सोय आहे: रेडमीवर फाइल ठेवली की शेजारी बसलेली मुलं आपापल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तीच पानं उघडू शकतात. वीज-इंटरनेट दोन्ही गेलेल्या दुपारी वाचनालय चालू राहील.

पुस्तक दिल्यावर एक चाचणी घ्या. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाङ्मय' हे शब्द नीट उमटतात का बघा. ऱ्या मोडून दिसला तर फाँट बदला, मुलांना तुटकी अक्षरं वाचायला लावू नका. टायपिंगला लिनेजओएसच्या स्वतःच्या कीबोर्डात मराठी मांडणी आहे. शब्द सुचवण्यात तो गूगलच्या कीबोर्डाची बरोबरी करत नाही, पण शोधपेटीत लेखकाचं नाव लिहायला पुरतो.

टॅबविषयी एक सुचवतो. तुमच्या गावात जत्रेला नाटक होतच असेल. पेडण्याकडच्या एका हौशी मंडळाला मी जुना टॅब तयार करून दिला, त्यावर संहिता ठेवून त्यांचा प्रॉम्प्टर विंगेत बसतो. काळ्या पार्श्वभूमीवर मोठी पांढरी अक्षरं, सिम-वायफाय बंद, त्यामुळे ऐन प्रवेशात घंटी वाजत नाही आणि विंगेतून उजेडही बाहेर जात नाही. तुमच्या टॅबवर नवी प्रणाली नाही बसली तरी एवढं काम मूळ सॉफ्टवेअरवरही होईल.

स्वतःच्या फोनवर आजच करण्यासारखं हे: प्रणाली तीच ठेवा, एफ-ड्रॉइड टाका, नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घ्या. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे इंटरनेटशिवाय दाखवतात, घाटात बरे पडतात. अपडेट येतात तोवर तोच फोन वापरा. पुढचा घेताना किंमत आणि कॅमेरा पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा: सुरक्षा अपडेट किती वर्षं लेखी दिलेत, बूटलोडर उघडतो का, आणि लिनेजओएसच्या यादीत तो किंवा त्याचा मोठा भाऊ आहे का. पिक्सेल ८ पासून पुढच्या मुख्य मॉडेलना सात वर्षांचे अपडेट जाहीर झालेत. दुकानदाराला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येणार नाही, ते घरून शोधून जा.

टॅबचा नंबर मागच्या बाजूला बारीक अक्षरात, सहसा 'एसएम-टी' असा सुरू होतो. पुसला असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट टॅबलेट'खाली मिळेल. तो नंबर आणि आतली अँड्रॉइड आवृत्ती कळवा, म्हणजे त्याचंही नक्की सांगतो.